ब्लेडला राहायचं कुठे आणि खायचं काय

स्वित्झर्लंडचं कोटेशन बघून ज्यांना घाम फुटलाय त्यांच्यासाठी लिहितेय. आल्प्स हवेत, तळं हवं, वर किल्ला हवा आणि खिसाही शाबूत राहायला हवा, तर स्लोव्हेनियातल्या ब्लेडला जा. शेंगेन व्हिसाच लागतो, पैसे युरोत, त्यामुळे व्हेनिस नाहीतर व्हिएन्नाला जाणाऱ्यांना मध्ये सहज बसवता येतं. अगदी स्वस्त आहे असं नाही हां, पण इंटरलाकेनपेक्षा बरंच बरं.

पहिली गोष्ट, राजधानी ल्युब्ल्यानाहून सकाळी येऊन संध्याकाळी परत, असं करू नका. सगळे तेच करतात. दहाच्या पुढे बसेस भरभरून येतात, तळ्यातल्या बेटाचा फोटो काढायला अक्षरशः रांग, आणि संध्याकाळी त्याच बसेस गेल्या की गाव एकदम रिकामं. खरं ब्लेड सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर, म्हणजे मुक्काम हवाच.

आता राहायचं कुठे. तळ्याला लागून मोठी हॉटेलं आहेत, बाल्कनीतून बेट दिसतं वगैरे, पण त्या बाल्कनीचेच पैसे मोजावे लागतात. आम्ही राहिलो म्लिनोत, तळ्याच्या दक्षिणेला छोटी वस्ती आहे, सेंटरपासून चालत वीसेक मिनिटं. वाटेत घरांवर ‘सोबे’ किंवा ‘अपार्टमाजी’ अशा पाट्या दिसतील, म्हणजे घरगुती खोल्या, बहुतेक ऑनलाइनही बुक होतात. किचनवालीच घ्या. सासूबाई सोबत होत्या, त्या शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, त्यामुळे रात्री मुगाची खिचडी आणि पापड हे ठरलेलं. माझ्या नवऱ्याचा आग्रह होता तळ्यासमोरच राहायचं, पण पहिल्या रात्री खिचडी पानात पडल्यावर तो विषय निघाला नाही! टुरिस्ट टॅक्स माणशी दर रात्रीचा असतो आणि बऱ्याचदा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, सुटे युरो जवळ ठेवा. तंबूवाल्यांसाठी पश्चिम टोकाला झाका इथे कॅम्पिंग आहे, जागा सुंदर, पण बाजारहाटासाठी लांब पडतं.

सामान शनिवारीच भरून ठेवा, रविवारी मोठी सुपरमार्केटं बंद असतात, आपल्याला ते लक्षातच येत नाही. दूध, दही, भाज्या, तांदूळ सगळं मिळतं, मसाले मात्र घरून न्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेत बसू नका.

बाहेर खायचं तर मोठं जेवण दुपारी करा, बऱ्याच ठिकाणी दुपारी ठरलेलं ताट संध्याकाळपेक्षा कमी पैशात असतं. शाकाहाऱ्यांनी ‘ब्रेझ मेसा’ म्हणायचं, म्हणजे बिनमांसाचं. सूपबद्दल मात्र जपून, शेवया घातलेलं पातळ पिवळं सूप निरागस दिसतं पण ते ‘गोवेया युहा’ म्हणजे बीफचं असतं, आणि बाकीच्या सूपातही मांसाचा स्टॉक असू शकतो, विचारूनच घ्या. आमच्या सासूबाईंना आवडले ते श्ट्रुक्ली, अळूवडीच्या उंड्यासारखे गुंडाळून उकडतात आणि कापून वर लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा घालतात, आत स्कुता नावाचं ताजं मऊ चीज. पण त्या सारणात बऱ्याचदा अंडं असतं, वेटरला विचारून बिनअंड्याचे मिळतील तिथेच घेतले. मासे खाणाऱ्यांनी पोस्त्र्व म्हणजे ट्राउट मागवा. घाईत असाल तर बेकरीतला चीजचा बुरेक, म्हणजे पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला, एकात दोघांचं भागतं, तेलकट असतो पण चालून चालून जिरतो.

आणि क्रेमश्निटा, म्हणजे इथली क्रीमची पेस्ट्री. हिची ब्लेडवाली रेसिपी पार्क हॉटेलात 1953 साली सुरू झाली, आता गावभर मिळते. सात सेंटिमीटरचा चौकोन, खाली-वर कुरकुरीत पापुद्रा, मधे पिवळं कस्टर्ड आणि पांढरं क्रीम, वर पिठीसाखर. काटा वरून दाबला की सगळं मधलं बाजूने बाहेर येतं, म्हणून आधी वरचा पापुद्रा उचलून बाजूला ठेवायचा आणि मग खायचं, शेजारच्या टेबलावरच्या आजी तसंच करत होत्या. दोघांत एक पुरे. अंडं असतं, हे सांगून ठेवते.

फिरायचं थोडक्यात. तळ्याभोवतीचा रस्ता सहा किलोमीटर, सपाट, ज्येष्ठांनाही जमतो, बाकं भरपूर. बेटावर जायला प्लेत्ना नावाची छत असलेली लाकडी होडी, नावाडी उभा राहून वल्हवतो, उतरल्यावर 99 पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर खालीच बसा, किंवा आमच्यासारखी म्लिनोतून भाड्याची होडी घ्या आणि बेटाला नुसती चक्कर मारा. इंजिनची बोट इथे चालत नाही, त्यामुळे शांतता असते. तो प्रसिद्ध वरून घेतलेला फोटो ओइस्त्रित्सा किंवा माला ओसोइनित्सा टेकडीवरून, चढ खडा आहे, चांगले बूट घाला, पावसानंतर नको. विंतगार घळीची तिकिटं वेळेच्या स्लॉटप्रमाणे ऑनलाइन काढा, हिवाळ्यात ती बंद असते.

येण्याजाण्याला ल्युब्ल्यानाहून बस सोपी, साधारण सव्वा तास. ट्रेनने आलात तर लेस्त्से-ब्लेड स्टेशन गावापासून चार किलोमीटरवर आहे, पुढे बस घ्यावी लागते. ब्लेड येझेरो स्टेशन तळ्याच्या पश्चिमेला वर आहे, झाकाला राहणार असाल तरच तिथे उतरा, मोठ्या बॅगा घेऊन सेंटरपर्यंत चालणं फार होतं. जमलं तर एक दिवस बोहिन्यला, बस जाते, तळं मोठं आणि गर्दी कमी. जुलै-ऑगस्ट टाळता आला तर टाळा, मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम, आणि पावसाळी जॅकेट कुठल्याही महिन्यात बॅगेत असू द्या.