इस्पिकची सत्ती कुणाकडे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गावच्या सामायिक जमिनीच्या वाटपाचा कागद फिरत होता, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी सही का केली? 'जरा ताणलं असतंत तर विहिरीकडचा तुकडा मिळाला असता,' असं निम्मे नातेवाईक अजून ऐकवतात. खरं कारण सांगायला थोडी लाज वाटते, कारण ते बदाम सत्तीत आहे.

मे महिन्यात आमच्या ओटीवर दुपारभर हा डाव चाले. गरे खाल्लेल्या हातांनी पानंही चिकट झालेली. बदामची सत्ती ज्याच्याकडे, त्याची उतारी. मग वर अठ्ठी, खाली छक्की, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती. एकाची पानं संपली की बाकीच्यांनी हातातले गुण मोजायचे. एक्क्याचा १, राजाचे १३.

त्या दिवशी इस्पिकची सत्ती माझ्याकडे होती. ती दाबली की त्या रंगाची उरलेली १२ पानं अडतात. मी दाबली. धाकटा चुलतभाऊ लागोपाठ तीनदा 'पास' म्हणून रडकुंडीला आला आणि मला आतून गुदगुल्या. पण खेळता येण्यासारखं पान असताना पास म्हणायचं नाही, हा नियम. म्हणजे अडवायलाही पदरी दुसरी पानं लागतात! माझी संपली. हातात ती सत्ती आणि इस्पिकचेच राजा-राणी. सत्ती टाकली. आजीने लगेच खाली छक्की ठेवली आणि रिकामे तळवे दाखवले. "धरून बसला होतास ना? बस आता." माझे २५ गुण, धाकट्याचे त्याहून जास्त. अडवणारा नि अडलेला दोघंही बसले.

महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारापुढे संमतीने वाटप करायचं, तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. सातबाऱ्यावर नावांची ही रांग, त्यातले काही मुंबईत, एकजण बडोद्याला. मला माझ्या हिश्श्यात काजूची कलमं लावायची होती. ते माझे राजा-राणी. सही दाबून ती कुठे लावणार होतो?

विहिरीकडचा तुकडा त्या धाकट्याकडे गेला. पंपाचं पाणी देतो मला, कुरकुर न करता. फक्त गणपतीत पत्ते पिसायला घेतले की सगळ्यांदेखत विचारतो, "दादा, इस्पिकची सत्ती कुणाकडे?"