रिकामा डबा

कार्तिक लागला की आमच्या इमारतीत आवळीभोजनाची टूम निघते. तळमजल्यावरच्या काकांची पिंगुळीजवळ बाग आहे आणि बागेत एक आवळ्याचं झाड आहे, एवढ्या भांडवलावर. कुडाळहून रिक्षा केली तर दहा मिनिटांत पोचतो. प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून न्यायचा आणि झाडाखाली पानं मांडायची. पोरं याला पॉटलक म्हणतात. आम्ही शाळेत असताना अंगतपंगत म्हणायचो आणि तेव्हा पदार्थ आई ठरवायची, त्यामुळे सुखात होतो.

आता ठरवायचं मला असतं. तारीख जाहीर झाली की ग्रुपवर धडाधड नावं पडतात. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दरवर्षी पहिल्या मिनिटाला लिहितात, 'पत्रावळी आणि पाणी माझ्याकडे.' या माणसाला आयुष्य कळलंय. त्याखाली कुणी भात घेतं, कुणी वडे घेतं, आणि मी आपली 'कळवते' असं लिहून चार दिवस झुरते.

खरं तर मला घावणे उत्तम येतात. जाळी पडलेले, कडेला कुरकुरीत, मध्ये रेशमासारखे. हे मी म्हणत नाही, सासूबाई म्हणतात, आणि त्या सहसा कुणाला बरं म्हणत नाहीत. पण घावणे न्यायचे म्हटलं तर त्याच कपाळाला हात लावतात. "गो, थंड घावणो म्हणजे चपलेचो तळ." मुद्दा बिनतोड आहे. घावणा तव्यावरून ताटात येईस्तोवरच घावणा असतो. शिरवाळ्यांचं, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं, तेच. दोघांनी मिळून घाम गाळत साच्यातून पाडायचे, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवायचे आणि लगेच खायचे. तासभर डब्यात राहिले तर सगळा रस पिऊन त्यांचा गोळा होतो. भज्यांबद्दल तर बोलायलाच नको, डब्यातल्या वाफेने ती बिचारी घामेजतात. एकूण काय, जे आपल्याला सगळ्यात चांगलं येतं ते स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

मग ओलांडतं काय? सोलकढी, असं सगळ्यांना वाटतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते आपल्याच घरच्या कढीला मिळालंय असा इथल्या प्रत्येकीचा समज आहे. दोन वर्षांपूर्वी झाडाखाली पाच सोलकढ्या जमल्या होत्या. पाचांचे पाच गुलाबी. एक फिकट, एक जांभळटाकडे झुकणारी, एकीत लसूण इतकी की आवळ्याची पानं हलली. आणि पाचवीचं झाकण उघडल्यावर सगळे जरा गप्प झाले. कार्तिकात सकाळी गारवा असला तरी अकरानंतर आमच्याकडे ऊन बोलायला लागतं, आणि नारळाचा रस उन्हासाठी थांबत नाही. तेव्हापासून आमच्यातल्या एक मालवणच्या वहिनी रस वेगळ्या बाटलीत आणतात, तोही बर्फात, आणि कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, दुसऱ्या बाटलीत. पानं वाढून झाली की मगच दोघांची गाठ घालतात. त्यांची कढी कधी उरत नाही. ती पाचवी कढी कुणाची होती ते मी इथे लिहिणार नाही, पण तेव्हापासून मी सोलकढीचं नाव काढत नाही.

काळ्या वाटाण्याचं सांबारं हा प्रवासाला जन्मलेला पदार्थ. आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप सढळ हाताने लावायचं. जितकं मुरेल तितकं चांगलं, सांडलं तर डाग जात नाही हा एकच दोष. पण हे ज्ञान फक्त मलाच आहे असं थोडंच आहे. एका वर्षी चार सांबारी आली आणि एकही आंबोळी नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आंबोळ्या दुसरं कुणीतरी आणणारच.

माशांचं कालवण याहूनही सरस. दुसऱ्या दिवशीच्या कालवणाची चव ज्याला कळली त्याला ताजं वाढलं तर तो जरासा खट्टू होतो. पण आवळ्याखाली मासे चालत नाहीत, आणि दुसरीकडे कुठे जमायचं म्हटलं तर कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, वर संकष्टी आणि एकादशी. उरलेल्या वारी कुणाला तरी रजा नसते.

पदार्थ ठरला तरी किती न्यायचा हा प्रश्न शिल्लकच. आम्ही चौदा घरं, माणसं चाळीसेक. प्रत्येक बाई चाळीस जणांना पोटभर पुरेल एवढं करते, कारण कमी पडलं तर लोक काय म्हणतील. म्हणजे चाळीस माणसांपुढे चौदा जेवणं. खरं तर अशा पानात प्रत्येक पदार्थाला डावभर जागा मिळते. सांबारं भाताकडे सरकतं, कढी शिऱ्यात शिरते. हा हिशोब मी दरवर्षी सगळ्यांना समजावते आणि दरवर्षी मोठं पातेलं काढते.

यंदा मी धोंडस न्यायचं ठरवलं. माहेरहून एक जून तवसं, म्हणजे मोठी काकडी, आलं होतं, पिवळं पडलेलं, कुशीत घेऊन बसावं एवढं. ते किसायचं, सुटलेलं पाणी टाकायचं नाही, त्याच पाण्यात भाजलेला तांदळाचा रवा शिजवायचा. गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. पूर्वी पातेल्याच्या खाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवत, म्हणजे वरून-खालून सारखं खरपूस होई. फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार? मी खाली तवा ठेवते, गॅस बारीक करते आणि निम्म्यावर आल्यावर जीव मुठीत धरून अख्खं धोंडस उलटं करते. दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं लागतं. वड्या पडतात. चमचा लागत नाही, रस वाहत नाही, कुणाच्या भातात शिरत नाही.

तरी रात्री झोप येईना. डब्याच्या शेजारी कुणी चॉकलेटचा केक आणून ठेवला तर पोरं काकडीच्या वडीकडे बघतील का? जेवणं आटोपल्यावर आपलाच डबा भरलेला उचलून घरी आणणं किती जड जातं, हे ज्याने आणलाय त्यालाच कळेल. गंमत म्हणजे, एरवी रिकामं भांडं म्हणजे आमच्याकडे अपशकुनच. शेजारून वाटीभर उसळ आली तर वाटी परत देताना त्यात साखर, दोन केळी, निदान एक लिंबू तरी घालायचं. हे मी लग्नाआधीपासून पाळत आलेय. आणि वर्षातला हा एक दिवस असा, की देवा, माझा डबा तेवढा रिकामा परत येऊ दे.

झाडाखाली मी डबा रांगेत पुढे ठेवला. मग वाटलं, फार पुढे झाला, थोडा मागे घेतला. अहोंना आधीच बजावलं होतं की दोनदा घ्यायचं आणि दुसऱ्यांदा मोठ्याने मागायचं. त्यांनी पहिल्यांदाच तीन वड्या घेतल्या आणि पुढे वड्यांच्या नादात मला विसरले. केक आलाच होता. पण मधेच कुणीतरी आजी "अगो, धोंडास हा!" म्हणाल्या, आणि तिथून पुढे माझं लक्ष पानात राहिलं नाही.

निघताना डब्यांची नेहमीची झोंबाझोंबी झाली. आमच्या डब्यावर सासूबाईंचं नाव घातलेलं आहे, त्यांच्या लग्नाच्या तारखेसह, त्यामुळे तो चुकत नाही. जडच लागला उचलताना. रिक्षात मी तो मांडीवर घेऊन गप्प बसले. अहोही शहाण्यासारखे गप्प बसले.

घरी येऊन उघडला. धोंडसाचा कणही नव्हता. डबा कुणीतरी धुऊन ठेवला होता आणि त्यात गळ्यापर्यंत आवळे भरले होते. काकांनी सगळ्यांच्याच डब्यांत भरले होते, हे नंतर ग्रुपवर कळलं.

झाकण मात्र आमचं नव्हतं. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं नाव. ते परत द्यायला हवं, पण नुसतं झाकण रिकामं कसं द्यायचं? आणि झाकणावर ठेवून ठेवून ठेवायचं काय? सासूबाई आवळ्यांना मीठ चोळत बसल्या होत्या, त्यांना विचारलं.

"आवळे सोडून कायव ठेव," त्या म्हणाल्या.