हरणाऱ्या संघाची बाजू घेणारी मुलं

आमच्या मराठी शाळेचं स्नेहसंमेलन पाडव्यानंतरच्या एखाद्या रविवारी भरतं. शिकागोत तेव्हा झाडांना पानं फुटलेली नसतात, मिशिगन तळ्यावरून येणारा वारा कानाला झोंबत असतो आणि बेसबॉलचा मोसम नुकता सुरू झालेला असतो. संमेलनाची आणि बेसबॉलची सांगड कुणी मुद्दाम घातलेली नाही, ती पंचांगानेच घातली.

दीपप्रज्वलन, गणेशवंदना, अध्यक्षांचं मनोगत, प्रायोजकांना नारळ हे सगळीकडे होतं तसं आमच्याकडेही होतं. त्याबद्दल मी लिहीत नाही. मला लिहायचंय ते 'माझा आवडता संघ' या भाषणांबद्दल. चौथी ते आठवीच्या मुलांनी तीन मिनिटं, कागद न बघता, मराठीतून आपल्या संघाबद्दल बोलायचं. कुणी बुल्सवर बोलतं, कुणी बेअर्सवर, कुणी मुंबई इंडियन्सवर, कुणी आपल्या पार्क डिस्ट्रिक्टच्या दहा वर्षांखालच्या टीमवर. पण एप्रिल असल्यामुळे निम्म्याहून जास्त भाषणं बेसबॉलवरच होतात. पूर्वी मी ती केली, आता कॉलेजातून सुट्टीला येऊन मुलांकडून बसवून घेते. आमच्या संमेलनात याहून मोलाचं दुसरं काही होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही साताऱ्याहून इथे आलो ते २०१२ साली, मी आठ वर्षांची असताना. बाबांनी मला बेसबॉल क्रिकेटच्या आधाराने शिकवला: षटकं मोजायची नाहीत, तीन गडी बाद झाले की पाळी पालटते, अशा नऊ पाळ्या. मोसमात एका संघाचे १६२ सामने असतात हे ऐकून मी आईकडे खात्री करायला गेले होते. त्या वर्षी शिकागो कब्स १०१ सामने हरले. १९०८ नंतर त्यांनी एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाच्या शेवटची अंतिम मालिका, जिंकलेली नव्हती, आणि तरी आमच्या वर्गातली अर्धी मुलं कब्सची निळी टोपी घालून यायची. हरणाऱ्यांवर इतकं प्रेम कसं करतात, हे मला संमेलनातल्या भाषणांनी शिकवलं. २०१३ च्या संमेलनात सातवीतली एक ताई रिग्ली फील्डच्या, म्हणजे कब्सच्या मैदानाच्या, भिंतीवरच्या वेलीवर तीन मिनिटं बोलली. ही वेल १९३७ साली लावलेली. चेंडू तिच्या पानांत अडकला तर क्षेत्ररक्षकाने हात काढून घ्यायचा आणि दोन्ही हात वर करायचे, म्हणजे फलंदाजाला दुसऱ्या बेसपर्यंतच जाता येतं. तिने ते हात वर करून दाखवलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या सगळ्या आजी-आजोबांनी टाळ्या वाजवल्या. संघ जिंकला की हरला हे तिच्या भाषणात कुठेच नव्हतं.

मग आमच्या उन्हाळी सहली. शाळा जूनमध्ये संपली की मंडळ मुलांना शिकागोजवळच्या जिनीव्हाला न्यायचं, केन काउंटी कूगर्सचा सामना बघायला. तिकिटं स्वस्त, मैदान छोटं, गवतावर सतरंजी पसरून बसता यायचं, आणि सोबत डबाभर कोथिंबीर वड्या. २०१३ आणि २०१४ ही दोन वर्षं कूगर्स हा कब्सच्याच हाताखालचा संघ होता, म्हणजे उद्याचे कब्स आम्ही तिथे कुंपणापलीकडे दहा पावलांवर बघत होतो. २०१४ साली कॉलेजातून नुकताच आलेला काइल श्वार्बर काही आठवडे तिथे खेळला. जाडजूड, गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला, आणि चेंडू मारला की लाकडाचा असा आवाज यायचा की गवतावरची पोरं खाणं थांबवायची. त्या वर्षी कूगर्सनी त्यांची लीगही जिंकली. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये, मोसमाच्या पहिल्याच आठवड्यात, त्याचा गुडघा दुखावला आणि वर्ष वाया गेलं असं सगळे म्हणाले. तो परतला तो थेट वर्ल्ड सिरीजमध्ये.

२०१६ ची ती दिवाळी मी कधीच विसरणार नाही. शनिवारी, २९ ऑक्टोबरला, मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता आणि त्याच संध्याकाळी रिग्लीवर वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना. निम्मा हॉल रिकामा. शाळेच्या मुलांची नाटिका सुरू असताना मागची रांग उठून गेली. कब्स त्या दिवशी ७-२ असे हरले, आणि समोरच्या क्लीव्हलंडला मालिका जिंकायला आता एकच विजय हवा होता. मी स्वतः निळी टोपी घालणारी, पण महिनाभर तालीम केलेल्या पोरांना पाठ दाखवून जाणाऱ्यांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाला पाचवा सामना कब्सनी ३-२ असा जिंकला. भाऊबीजेला सहावा ९-३ असा जिंकला. भावाला ओवाळलं तेव्हा दोघांचे डोळे टीव्हीकडे, आणि आईही काही बोलली नाही. २ नोव्हेंबरला सातवा सामना: नऊ पाळ्यांनंतर ६-६, मग सतरा मिनिटं पावसाची खोटी, मग दहाव्या पाळीत पहिलाच फटका श्वार्बरचा. ८-७. एकशे आठ वर्षं संपली.

त्यानंतर रिग्लीच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोकांनी खडूने नावं लिहिली. हा दिवस बघायला जे राहिले नव्हते त्यांची नावं: वडील, आज्या, शेजारी. हाताला लागेल तिथपर्यंत भिंत भरली होती. २०१७ च्या संमेलनात सहावीतला एक मुलगा त्यावर बोलला. त्याचे आजोबा दर उन्हाळ्यात कोल्हापूरहून सहा महिने यायचे आणि दुपारचे सामने त्याच्यासोबत बेसमेंटमध्ये बसून बघायचे. आयुष्यभर कुस्तीची मैदानं गाजवलेला माणूस, त्यांना पिचर आणि फलंदाज समोरासमोर उभे राहिले की आवडायचं. "बघ, आता जोड लागली," असं म्हणायचे. २०१५ साली ते गेले. मुलाने वडिलांच्या खांद्यावर बसून, जिथे कुणाचा हात पोचला नव्हता अशा विटेवर, निळ्या खडूने देवनागरीत आजोबांचं नाव लिहिलं. "तिथे बाकी सगळी नावं इंग्रजीत होती, म्हणून आजोबांना आपलं नाव लगेच सापडेल," एवढं म्हणून तो खाली बसला. तीन मिनिटांपैकी एक मिनिट अजून उरलं होतं. वेळेची घंटा वाजवणाऱ्या मावशींनी घंटा मांडीवर ठेवून दिली.

हे भाषण झालं तेव्हा सभागृहात तीनशे खुर्च्यांपैकी साठ-सत्तर भरलेल्या होत्या. ऑर्केस्ट्रा असला की याच सभागृहात उभं राहायला जागा मिळत नाही. रिग्लीवरचा रविवारचा सामना एक वीसला सुरू होतो हे मला माहीत आहे. बाहेरच्या व्हरांड्यात फोनभोवती कोंडाळं करून उभे राहणारे काका माझ्याच संघाचे आहेत आणि स्कोअर मलाही हवा असतो. पण आत एक दहा वर्षांचं पोर त्याच संघाबद्दल, तुमच्याच भाषेत बोलत असतं. तिथे तुम्ही असायला हवं.

२०१८ ला बर्फामुळे कब्सचा घरचा पहिला सामना एक दिवस पुढे गेला. आमचं संमेलन मात्र झालं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. २०२० ला संमेलन रद्द झालं, मोसमही जुलै उजाडेपर्यंत सुरू झाला नाही, साठच सामने आणि रिकामी मैदानं. भाषणं आम्ही झूमवर घेतली. घोकून पाठ केलेलं भाषण पडद्यावरच्या छोट्या चौकोनांना ऐकवणं मुलांना जड गेलं, तरी एकानेही नाव मागे घेतलं नाही.

२०२२ मधलं एक भाषण मात्र सविस्तर सांगायला हवं. आदल्या जुलैच्या अखेरीस, अवघ्या दोन दिवसांत, कब्सनी २०१६ च्या संघातल्या रिझो, बाएझ आणि ब्रायंट या तिघांना दुसऱ्या संघांना देऊन टाकलं होतं. २०१६ चा शेवटचा चेंडू ब्रायंटने उचलून रिझोकडेच फेकला होता. पाचवीतली मुलगी रिझोच्या ४४ नंबरचा शर्ट घालून आली. तिने व्यवहार, पगार, करार यांतलं काही काढलं नाही. "आमच्या गल्लीतून तीन घरं एकाच आठवड्यात रिकामी झाली तर मला जसं वाटेल तसं वाटलं," म्हणाली. आमच्या शाळेतली मुलं हे जाणतात. आईवडिलांची नोकरी बदलली की दरवर्षी दोन-तीन घरं टेक्सासला नाहीतर सिॲटलला जातात, आणि वर्गात एक बाक रिकामा होतो. शेवटी ती म्हणाली, शर्ट मी बदलणार नाही, तो मला लहान होईपर्यंत घालणार. यंदाच्या संमेलनात तो शर्ट तिच्या धाकट्या भावाच्या अंगावर होता.

आणि आता व्हाइट सॉक्स. शिकागोत दोन संघ, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला, एकाच रेड लाइन रेल्वेवर. आमची उपनगरातली मंडळी बहुतेक कब्सवाली. सॉक्सचं पोर आमच्या शाळेत वर्षाला एखादंच निघतं. २००५ साली सॉक्सनी ह्यूस्टनला ४-० असं धुऊन वर्ल्ड सिरीज जिंकली, १९१७ नंतर पहिल्यांदा, पण त्याची आठवण कुणी काढत नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे. २०२४ मध्ये सॉक्स १२१ सामने हरले. आधुनिक काळात एका मोसमात कुणीही इतके सामने हरलेलं नव्हतं. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० चा आकडाही मागे पडला. मध्ये एकदा सलग एकवीस सामने हरले. २०२५ च्या संमेलनात चौथीतला एक मुलगा काळी टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "माझा आवडता संघ शिकागो व्हाइट सॉक्स आहे. ते ४१ सामने जिंकले. त्यातले मी सहा बघितले." मग ते सहा सामने त्याने एकेक करून सांगितले. कुणाचा होमरन, कुणाचा झेल, बाबा कुठे ओरडले, ट्रेनमध्ये किती गर्दी. हरलेल्या सामन्यांचा आकडा त्याने शेवटी एकदाच, खालच्या आवाजात घेतला. "पुढच्या वर्षी," एवढंच म्हणून तो थांबला आणि सभागृहातून "लवकर या!" असा गजर झाला.

आम्ही ज्या शाळेचं सभागृह भाड्याने घेतो तिथले रखवालदार दर संमेलनाला दाराशी उभे असतात. दक्षिण बाजूचे, साठीचे, जन्मापासून सॉक्सचे. मराठी त्यांना येत नाही, पण खेळाडूंची नावं मराठीत बोलली तरी तीच असतात. त्या दिवशी भाषण संपल्यावर ते त्या मुलाशेजारी बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, सगळं पुन्हा सांग, इंग्रजीत. पोराने सहाही सामने पुन्हा सांगितले. चौथ्या सामन्याला हे स्वतः मैदानात होते असं निघालं. दोघं बराच वेळ त्या एका झेलावर बोलत बसले, आणि सभागृहाला कुलूप लावायची वेळ टळून गेली तरी त्यांनी आम्हाला घाई केली नाही.

म्हणून कार्यकारिणीला विनंती आहे. गेली काही वर्षं ही भाषणं जेवणानंतर ढकलली जातात आणि लोक श्रीखंड खाऊन घरी जातात. पुढच्या संमेलनात ती कमी करून नाचाचा एक गट वाढवावा असं बैठकीत बोललं गेल्याचं कानावर आलंय. कृपया तसं करू नका. भाषणं जेवणाआधी घ्या.

आता आभार. नावं छापायची नाहीत असं आमच्याकडे ठरलंय, कारण एक राहिलं तरी वर्षभर वाईट वाटतं. म्हणून कामं सांगते, ज्याचं त्याला कळेल. माइक मुलांच्या उंचीला आणून ठेवणारे ध्वनिव्यवस्थेचे काका. घंटेच्या मावशी. पडद्याआड हळूच पुढचा शब्द सुचवणारी ताई. चार दिवस आधीपासून चक्का बांधणाऱ्या दोन वहिनी, आणि डेव्हन रस्त्यावरच्या भारतीय दुकानांतून केशर-वेलची आणणारे त्यांच्यापैकी एकीचे दीर. पहाटे पाचला वड्यांचं सारण करणारा गट, आणि त्यांच्यानंतर ती मोठी पातेली घासणारा गट, ज्याचा उल्लेख मंचावरून कधीच होत नाही. फरशीला रंग लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या चादरीवर रांगोळी काढणाऱ्या काकू. थंडीत पार्किंगला उभी राहणारी हायस्कूलची मुलं. खुर्च्या मांडणारे, आणि खुर्च्या उचलणारे, कारण हे दोन वेगळे गट असतात. बॅजवर मुलांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिणारे सर. औषधांची पेटी घेऊन बसणाऱ्या डॉक्टर मावशी. फोटो काढणारे आणि म्हणून स्वतः एकाही फोटोत नसलेले दादा. दर रविवारी दहा वाजता, बर्फ असो वा ऊन, वर्ग घेणाऱ्या सगळ्या शिक्षिका. सातारा, नागपूर, रत्नागिरीहून रात्री जागून व्हिडिओ कॉलवर नातवंडांची भाषणं घोटून घेणाऱ्या आज्या, ज्यांनी बेसबॉलचा एक सामना बघितलेला नसतो आणि तरी ज्यांना शॉर्टस्टॉप कुठे उभा राहतो ते पाठ असतं. ते रखवालदार. आणि जिनीव्हाच्या सहलीला पिवळी बस चालवणाऱ्या त्या बाई, ज्या सामना जादा पाळ्यांत गेला की "संपेपर्यंत बसा" म्हणून स्वतःही गवतावर येऊन बसायच्या. त्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांना पुढच्या संमेलनाचं निमंत्रण मी स्वतः नेऊन देणार आहे.