चौकोनी व्हेसलला भोक पाडण्याआधी

गोल शेलला (दाब सोसणाऱ्या टाकीच्या, म्हणजे व्हेसलच्या भिंतीला) नोझल, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, लावायचं तर हिशेब ठरलेला असतो: भोकात जेवढं मटेरियल गेलं तेवढं आजूबाजूला भरा. तिथे प्लेट मुख्यतः ओढली जाते. चौकोनी व्हेसलची भिंत मात्र वाकते, आणि तेही जागोजागी कमीजास्त. म्हणून पॅडची (भोकाभोवती वेल्ड केलेल्या जादा प्लेटची) जाडी काढायला बसण्याआधी भोक नेमकं कुठे येतंय ते बघायचं.

आतून 200 बाय 200 मिमीचा लांब बॉक्स घ्या. प्लेट 16 मिमी, दाब 2 मेगापास्कल, म्हणजे साधारण 20 बार. वाकण्याचा ताण कोपऱ्यावर 156 मेगापास्कल येतो, भिंतीच्या मध्यावर त्याच्या निम्मा, 78. सरळ ओढीचा सगळीकडे साडेबारा. एसए-516 ग्रेड 70 या व्हेसलच्या स्टीलला साध्या तापमानाला 138 चालतो. वाकणं धरून दीडपट, म्हणजे 207 (वेल्डची एफिशियन्सी 1, म्हणजे जोड प्लेटइतकाच मजबूत धरून). आता बॉक्सच्या लांबीत 32 मिमीची भोकं 60 च्या पिचवर (मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर) पाडली, तर दोन भोकांमध्ये 28 मिमी उरतात. ओळ मध्यावर असेल तर ताण 194, बसतं. तीच ओळ कोपऱ्याला सरकवली की 362! कोपऱ्यापासून 42 मिमीवर वाकणं शून्य होतं. जागा निवडायला मिळाली तर तिथेच जा.

एकट्या नोझलसाठी सपाट प्लेटला कोड (एएसएमईचा प्रेशर व्हेसल कोड) भोकाच्या निम्मंच क्षेत्रफळ मागतो, 0.5 गुणिले व्यास गुणिले जाडी. ही सूट वाटते, पण आकडे टाकून बघा. 100 मिमी रुंद, 16 जाड पट्टीचा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला तोंड द्यायची ताकद) 4267 घनमिमी. 50 चं भोक पाडलं की 2133. उरलेल्या 50 मिमीवर 8 चा पॅड चढवला की खोली 24 होते आणि मॉड्युलस 4800. जाडीचा वर्ग होतो, म्हणून निम्म्यात भागतं.

अट एकच: पॅड आणि प्लेट एकजीव वाकली पाहिजेत. एकमेकींवर घसरल्या तर 2400 च हाती लागतात. म्हणून पॅडच्या बाहेरच्या फिलेटमध्ये (कडेच्या तिकोनी वेल्डमध्ये) कंजुषी नको, आणि नोझलच्या बाजूचा वेल्ड पॅडला पूर्ण पकडणारा हवा. पॅड प्लेटवर नीट बसलाय का ते टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारण्याआधी फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, बघा. टेल-टेल होलमधून (पॅडला पाडलेल्या बारीक भोकातून) हवा सोडून साबणाचं पाणी लावायचं, तेही हायड्रोटेस्टच्या (पाण्याच्या दाबाच्या चाचणीच्या) आधी. जमत असेल तर पॅडच नको: त्या भागात जाड प्लेट घाला किंवा नोझलचा जाड नेक (नळी) आत-बाहेर दोन्हीकडे काढा.

खरी फसगत होते उभ्या, अरुंद बॉक्समध्ये. आतून 600 बाय 150, प्लेट 25, दाब 0.5. लांब भिंती फुगतात आणि कोपऱ्यांतून अरुंद भिंतीला आत वाकवतात. वाकण्याचा ताण कोपऱ्यावर 117, अरुंद भिंतीच्या मध्यावरही 103. या भिंतीवर शून्याची जागाच नाही. एअर कूलरच्या हेडर बॉक्सला (नळ्या जिथे जोडतात त्या चौकोनी पेटीला) नोझल नेमका याच अरुंद भिंतीवर येतो, आणि ‘छोटी भिंत आहे, काय होतंय’ म्हणून तिचा हिशेब उरकला जातो. शिवाय भोकाचा व्यास भिंतीच्या रुंदीच्या निम्म्यावर गेला, इथे 75 च्या वर, की 0.5 चा साधा नियमही लागू नाही. मग पॅड वाढवत बसण्यापेक्षा आत स्टे प्लेट (समोरासमोरच्या लांब भिंती बांधणारी आडवी प्लेट) घालून 600 चा स्पॅनच तोडलेला बरा.