‘अ’ सरस की ‘क’?

सोयाबीनच्या एकाच आकडेवारीची दोन उत्तरं माझ्या टेबलावर होती. संगणकावरच्या एका संख्याशास्त्रीय पॅकेजमध्ये ‘अ’ वाण ‘क’पेक्षा सरस ठरत होता, दुसऱ्यात ‘क’ पुढे होता. पैदासकार सरांना दुपारच्या बैठकीत शिफारशीचा प्रस्ताव मांडायचा होता. त्यांनी सरळच विचारलं, “मॅडम, यातलं बरोबर कुठलं?”

मी संख्याशास्त्र विभागात आहे, चाचण्यांचं विश्लेषण हे आमचं रोजचं काम. ही चाचणी शेतकऱ्यांच्या शेतांवरची होती. एकाच शेतकऱ्याला सगळे वाण पेरायला सांगता येत नाही, म्हणून प्रत्येकाकडे दोन-तीन वाण दिलेले. अशा वेळी शेताचा परिणाम आणि वाणाचा परिणाम वेगवेगळे काढावे लागतात. त्यासाठी मांडलेल्या समीकरणांच्या मॅट्रिक्सला, म्हणजे सहगुणकांच्या चौकटीला, इनव्हर्स (समीकरणांचं एकमेव उत्तर देणारी उलट मॅट्रिक्स) नसतो, यात विशेष काही नाही, कारण उत्तर एकच नसतं. सगळ्या शेतांच्या आकड्यांत एक क्विंटल मिळवा, सगळ्या वाणांच्या आकड्यांतून एक वजा करा. उत्पादनाचा अंदाज तोच राहतो. म्हणून पॅकेज आतल्या आत इनव्हर्सची जागा घेणारा जनरलाइज्ड इनव्हर्स वापरतं, तो शक्य उत्तरांपैकी एक देतो. असे इनव्हर्स कितीतरी असतात, प्रत्येकाचं उत्तर वेगळं. पण दोन वाणांमधला फरक एरवी कुठल्याही इनव्हर्सने काढला तरी तोच येतो.

मग इथे फरकच कसा बदलला? मी पेरणीचा तक्ता मागवला. परतीच्या पावसात काढणीला आलेली काही शेतं पाण्याखाली गेली होती, त्यांची नोंद वगळलेली. उरलेल्या शेतांवरचे वाण पेन्सिलीने एकमेकांना जोडत गेले आणि चित्र स्पष्ट झालं. वाणांचे दोन गट पडले होते आणि दोन्ही गटांतले वाण शेजारी शेजारी पेरलेलं एकही शेत शिल्लक नव्हतं.

सरांसाठी फळ्यावर छोटं उदाहरण मांडलं. पहिल्या शेतात ‘अ’ १८ क्विंटल, ‘ब’ १५. दुसऱ्या शेतात ‘क’ २४, ‘ड’ २२. कुठले वाण शून्य धरायचे हे प्रत्येक इनव्हर्स आपल्या परीने ठरवतो. ‘ब’ आणि ‘ड’ शून्य धरले तर ‘अ’ येतो ३ आणि ‘क’ २. म्हणजे ‘अ’ एकाने पुढे. ‘अ’ आणि ‘ड’ शून्य धरले तर ‘क’ दोनाने पुढे. मूर-पेनरोज नावाचा एक ठरावीक इनव्हर्स घेतला, त्यात कुठलाच वाण शून्य धरत नाहीत, तर ‘अ’ ७, ‘ब’ ४, ‘क’ ८.६७, ‘ड’ ६.६७, इथे ‘क’ पुढे, पण १.६७ ने. तिन्ही उत्तरं चारही उत्पादनांशी तंतोतंत जुळतात. ‘अ’ उणे ‘ब’ तिन्हींत ३, ‘क’ उणे ‘ड’ तिन्हींत २. हलतो तो फक्त ‘अ’ आणि ‘क’मधला फरक.

सर म्हणाले, “पण २४ आणि १८ तर समोर दिसतायत.” मी विचारलं, “दुसरं शेत भारी काळ्या जमिनीचं असलं तर?” ते गप्प झाले, शेतं त्यांनी स्वतः पाहिली होती.

मला या विषयात सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. जनरलाइज्ड इनव्हर्स उत्तर द्यायला कधीच नकार देत नाही, पण आपला प्रश्न या आकडेवारीला विचारता येतो का, हे त्याच्याकडूनच कळतं. समीकरणांची मॅट्रिक्स ए आणि तिचा असा इनव्हर्स जी. जीए हा गुणाकार करायचा आणि ज्या फरकाचा प्रश्न आहे त्याच्या सहगुणकांची ओळ (‘अ’ उणे ‘ब’साठी ‘अ’ला १, ‘ब’ला उणे १, बाकी शून्य) त्याने गुणायची. ओळ जशीच्या तशी बाहेर आली तर फरक काढता येतो. ‘अ’ उणे ‘ब’ची ओळ तशीच आली. ‘अ’ उणे ‘क’च्या ओळीत मूर-पेनरोज इनव्हर्सने १ आणि उणे १ च्या जागी २/३ आणि उणे २/३ आले, म्हणजे हा फरक या आकडेवारीतून काढता येत नाही.

गणितज्ञ मूर यांनी जनरलाइज्ड इनव्हर्सची कल्पना १९२० मध्ये मांडली, पेनरोज यांनी १९५५ मध्ये चार अटी घालून एकमेव इनव्हर्स सांगितला. आम्हा संख्याशास्त्रवाल्यांना मात्र भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव जवळचे. हिरोशिमा-नागासाकीच्या किरणोत्सर्गाच्या परिणामांची आकडेवारी हाताळताना त्यांच्यापुढे इनव्हर्स नसलेली मॅट्रिक्स आली होती. लघुतम वर्गांच्या (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवण्याच्या) कामाला चारांपैकी पहिली एकच अट पुरते, ए-जी-ए बरोबर ए, हे त्यांनी १९६२ मध्ये दाखवलं. आमच्या दोन्ही पॅकेजचे इनव्हर्स ही अट पाळत होते. त्यामुळे चूक दोघांचीही नव्हती.

सरांनी अजून एक वाट सुचवली : शेतांचा परिणाम यादृच्छिक, म्हणजे योगायोगाने पडलेला, धरला तर तुलना निघेल ना? गणिताने निघते. पण त्यासाठी कुठल्या शेताला कुठले वाण द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरायला हवं होतं. इथे एक गट जवळपास सगळा भारी जमिनीच्या गावांत गेला होता. अशा तुलनेवर शेतकऱ्याने बियाणं विकत घ्यावं, हे माझ्या मनाला पटेना, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

बैठकीत दोन गटांचे दोन स्वतंत्र तक्ते मांडले गेले. ‘अ’ आपल्या गटात सरस, ‘क’ आपल्या गटात सरस, आणि आंतरगट तुलना या आकडेवारीतून शक्य नाही, असं टिपणीत लिहिलं. शिफारस एक हंगाम पुढे गेली. काहींना ते रुचलं नाही, पण जीए हा गुणाकार सरांनी स्वतःच फळ्यावर करून दाखवला. पुढच्या खरिपाच्या आराखड्यात प्रत्येक शेतावर एक तुल्य वाण, म्हणजे तुलनेसाठी सगळीकडे तोच वाण, आला. शिवाय आता पेरणीआधीच आराखड्यातून एकेक शेत वगळून पाहतो, मग दोन-दोन, आणि कुठे गट तुटतोय असं दिसलं की तिथे जोडणारं आणखी एक शेत घेतो.