मुलाचं वय किती होतं?

कोल्हापुरातील कसबा बावड्याच्या न्यायालयात अनेक वर्षे फौजदारी वकिली केल्यावर एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. आरोपीला तुरुंगाऐवजी दुसऱ्या मार्गाने नेण्याची सोय आपल्या कायद्यात १९५८ पासून आहे; परंतु तो मार्ग, म्हणजे परिवीक्षा (प्रोबेशन, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणे), आरोपीची चौकशी करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालापासून सुरू होतो, आणि तो अहवाल बहुतेक वेळा कोणी मागवतच नाही. यात आम्ही वकीलही आलो, हे आधीच कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या एका मुलाचे वकीलपत्र माझ्याकडे होते. त्याने दुकानातून मोबाइल उचलला होता, पहिलाच गुन्हा होता आणि गुन्हा त्याने कबूलही केला. मी नेहमीप्रमाणे ‘आरोपी गरीब आहे, शिक्षेत दया दाखवावी’ एवढेच म्हणालो. त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि तो कळंब्याच्या तुरुंगात गेला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर एका निवृत्त शिरस्तेदारांनी मला विचारले, “वकीलसाहेब, मुलाचं वय किती होतं?”

वीस होते. अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम ६ सांगते की, जन्मठेपेपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी एकवीस वर्षांखालील असेल, तर परिवीक्षेवर सोडणे योग्य नाही अशी खात्री पटल्याशिवाय आणि त्याची कारणे लिहिल्याशिवाय न्यायालयाला त्याला तुरुंगात पाठवता येत नाही, आणि त्या निर्णयासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो. हे कलम मी परीक्षेपुरते पाठ केले होते.

परिवीक्षा म्हणजे मोकळे सोडणे, असा समज आहे. प्रत्यक्षात चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र द्यावे लागते, त्याची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते, न्यायालय देखरेखीचा आदेश देऊ शकते आणि अट मोडल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा दारात उभी राहते. कलम १२ मुळे दोषसिद्धीतून येणारी कायदेशीर अपात्रताही टळते, आणि वीस वर्षांच्या मुलाला हीच गोष्ट सर्वांत मोलाची असते.

खरी अडचण पत्त्याची आहे. कलम ४ प्रमाणे आरोपीचे किंवा त्याच्या जामीनदाराचे न्यायालयाच्या हद्दीत, किंवा बंधपत्राच्या काळात आरोपी जिथे राहण्याचा संभव आहे तिथे, कायमचे राहण्याचे ठिकाण किंवा नियमित काम असावे लागते. गळीत हंगाम संपला की पाल उचलून गावी परतणाऱ्या माणसाला कोल्हापुरात जामीनदार कुठून मिळणार? तो बीडमध्ये राहणार आहे, हे कोणीतरी चौकशी करून लिहिले तर मार्ग निघतो; न लिहिल्यास बिनपत्त्याचा माणूस म्हणून तो आत जातो. याच शहरात शाहू महाराजांनी १९१८ साली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना द्यावी लागणारी सक्तीची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना राखणदारीची कामे दिली. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्यालाच पहारा सोपवणे, हे परिवीक्षेच्या फारच जवळचे आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा आली आहे. चोरीचा ऐवज पाच हजारांहून कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेचीच शिक्षा द्यायची आहे. मात्र आजच्या चोऱ्या मोबाइलच्या असतात आणि पाच हजारांत धड मोबाइल येत नाही, हे मर्यादा ठरवणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे. खटला चालवण्याऐवजीच दुसऱ्या मार्गाला लावणारी तरतूद, म्हणजे खरे डायव्हर्जन, बाल न्याय कायद्यात तत्त्व म्हणून आहे, आणि व्यसनमुक्तीचे उपचार स्वतःहून घेणाऱ्यांसाठी अमली पदार्थांच्या कायद्यातही कलम ६४-अ आहे. पुण्यातील २०२४ च्या मोटार अपघातानंतर अल्पवयीन चालकाला घातलेल्या निबंध लिहिण्याच्या अटीवर जो संताप उसळला, त्यात ती शिक्षा नसून जामिनाची अट होती, हे मागे पडले आणि अशा सगळ्याच मार्गांवरचा लोकांचा विश्वास उडाला.

आता वकीलपत्र घेताना मी पहिला प्रश्न वयाचा विचारतो आणि अहवाल मागवण्याचा अर्ज आधीच तयार ठेवतो. मागच्या महिन्यात अशाच एका प्रकरणात अहवाल आला. त्यात अधिकाऱ्यांनी मुलाच्या आईशी बोलून तिचे म्हणणे नोंदवले आहे आणि उद्यमनगरातील एक गॅरेजवाला जामीन राहण्यास तयार असल्याचे लिहिले आहे. पुढील तारीख सोमवारची आहे.