खोगिराखालची ज्योत

श्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात लिफ्ट आधी थेट सगळ्यात वर नेते. दार उघडतं तर समोर गाडी नाही, घोडा! तिथून वळणावळणाने खाली उतरत गाड्यांचा इतिहास बघायचा. माझा निम्मा दिवस पहिल्याच दालनात गेला.

कार्ल बेंझ यांची १८८६ची तीनचाकी सगळ्यांना ठाऊक असते, गर्दीही तिच्याभोवतीच. मी अडकले ती १८८५च्या राइटवागनपाशी. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी इंजिन तपासून बघायला ही दुचाकी बांधली. सांगाडा लाकडी, चाकंही लाकडी, बैलगाडीसारखी लोखंडी धाव चढवलेली. कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना चिमुकली चाकं. वर चामडी खोगीर. त्याखाली २६४ सीसीचं उभं इंजिन, ताकद जेमतेम अर्धा अश्वशक्ती. वेग ताशी ६ किंवा १२ किलोमीटर. तो बदलायचा तर थांबून पट्टा एका कप्पीवरून दुसरीवर घालायचा.

स्पार्क प्लग नाही. बर्नरची ज्योत एक बारीक नळी लालबुंद ठेवते आणि सिलिंडरमध्ये दाबलं गेलेलं हवा-इंधनाचं मिश्रण त्या नळीत शिरलं की पेट घेतं. म्हणजे बसणाऱ्याच्या खाली सतत जळती ज्योत! डाइमलर यांचा मुलगा ही गाडी घेऊन श्टुटगार्टजवळच्या कानश्टाटहून निघाला तेव्हा वाटेत खोगीर पेटलं, असं सांगतात. सगळं इतकं खेटून बसवलेलं पाहिल्यावर मला ते लगेच पटलं. बापाने पोटच्या पोराला यावर बसवलं, या विचाराने पोटात गोळाच आला.

मग पाटी वाचली. ही प्रतिकृती आहे. मूळ गाडी १९०३च्या आगीत जळाली. मी फार खट्टू झाले, दोन मिनिटं तिच्याकडे बघवेना. पण कुणीतरी ते लाकूड पुन्हा तासून सांधलं, म्हणूनच ज्योत नेमकी कुठे होती ते मला कळलं. चित्रावरून कळलं नसतं.

लोक मात्र एक फोटो काढून खालच्या चंदेरी शर्यतीच्या गाड्यांकडे पळत होते. इतक्या लांब येऊन सुरुवातच गाळायची, याचा मला अजून राग आहे.

उरलेले मजले मी भराभर उरकले. दाराशी पोचल्यावर लक्षात आलं, कप्प्या नीट पाहिल्याच नाहीत. पुन्हा लिफ्टने वर गेले.